साडेबारा टक्क्यांचा वकील

नवी मुंबईत जमिनीची कामे करणाऱ्या वकिलाच्या टेबलावर साडेबाराची फाईल आली नाही, असा आठवडा सहसा जात नाही. साडेबारा म्हणजे शहरासाठी संपादित झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढी विकसित जमीन मूळ खातेदाराला परत देण्याची योजना. फाईल म्हणायची, पण बहुतेकदा ती कापडी पिशवीच असते. तिच्यात भूसंपादनाच्या निवाड्याची झेरॉक्स, आजोबांच्या नावाचा जुना सातबारा, वारसांची यादी, दोन-तीन मृत्यूचे दाखले आणि नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची पत्रे असतात. शिवाय कुणा मध्यस्थाने कधीकाळी करून घेतलेले आणि आता घरातल्या कुणालाच नको असलेले एखादे मुखत्यारपत्रही असते. बेलापूर आणि पनवेलच्या न्यायालयांत ही कामे करताना, प्रत्यक्ष भेटीचा योग कधी आला नाही अशा एका वकिलाची मला वारंवार आठवण होते. त्यांचे नाव दिनकर बाळू पाटील. उरणपासून ऐरोलीपर्यंतची गावे त्यांना दिबा म्हणतात.

नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे या मागणीच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत दिबांविषयी पुष्कळ बोलले गेले. त्यांची आंदोलने, मोर्चे, विधानसभेतील भाषणे आणि जासईचा गोळीबार यांविषयी लोकांनी भरभरून लिहिले आणि ते योग्यच आहे. त्या सगळ्यात त्यांची वकिली मात्र एका ओळीपुरती येते. मला वाटते, त्यांचे राजकारण नीट समजून घ्यायचे असेल तर तालुक्याच्या कोर्टातला वकील दिवसभर काय पाहतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

दिबांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई गावचा. त्या वेळचा हा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड. खाडीच्या पाण्याला बांध घालून राखलेली खारजमीन, भाताचे एकच पीक, पलीकडे मिठागरे आणि सगळ्यांवर खोत-सावकारांची पकड, असे या मुलखाचे जगणे होते. याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ मध्ये खोतांची शेते कसणे थांबवले आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा वर्षे तो संप टिकवला. जासईचा मुलगा वाढत होता तो या दिवसांत. पुढे शेतकरी कामगार पक्षाने या जिल्ह्यात जी मुळे धरली, ती संपाने भुसभुशीत केलेल्या मातीतच. दिबा कायद्याची पदवी घेऊन पनवेलला आले, वकील झाले आणि शेकापचे कार्यकर्तेही झाले.

१९५० च्या दशकातले पनवेल म्हणजे जुनी नगरपालिका, बाजारपेठ, एसटीचा थांबा आणि तालुक्याचे कोर्ट. अशा गावातल्या वकिलाकडे घटनात्मक प्रश्न येत नाहीत. त्याच्याकडे बांधाचा तंटा येतो, भावाभावांचे वाटप येते, चुकलेला फेरफार येतो आणि त्या काळात तर सर्वांत जास्त कुळाची प्रकरणे येत असत. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरला. त्या दिवशी जमीन प्रत्यक्ष कसणारे कूळ कायद्याने तिचे मालक मानले गेले. पण मानले जाणे वेगळे आणि कागदावर येणे वेगळे. कलम ३२ ग खाली चौकशी व्हायची, जमिनीची किंमत ठरायची, कुळाने ती हप्त्यांनी भरायची आणि तेव्हा कुठे कलम ३२ म चे खरेदीचे प्रमाणपत्र हाती पडायचे. खोताचा कारकून 'हा कूळ नव्हे, हा तर आमचा गडी' असे सांगायचा आणि कुळाजवळ मात्र पावती नसायची, कारण खंड नेहमी भातानेच मोजून दिलेला. अशा माणसाच्या बाजूने उभे राहायचे तर वकिलाला पीकपाहणीच्या नोंदी चाळाव्या लागतात, शेजारच्या शेतकऱ्याला साक्षीला आणावे लागते आणि पक्षकाराला तहसीलच्या ओट्यावर बसवून, कुठे काय बोलायचे नाही, हे चार वेळा समजावावे लागते. या कामात फीपेक्षा ओळख जास्त मिळते. गावोगावची घरे आणि त्यांच्या जमिनी वकिलाला सर्व्हे नंबरासकट पाठ होतात.

त्याच १९५७ सालात, कृषकदिनाच्या काही आठवडे आधी झालेल्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर दिबा पनवेलमधून विधानसभेत गेले. तेव्हापासून ते पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार झाले, सत्तरच्या दशकात विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. या कारकिर्दीची पदे मी एवढ्यावरच सोडतो. ज्या वर्षी तालुक्यातले कूळ मालक झाले, त्याच वर्षी त्यांचा वकील आमदार झाला, हे मला त्या पदांहून अधिक मोलाचे वाटते.

या मालकीला आयुष्य मात्र फार थोडे लाभले. मुंबईवरचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली होती. सरकारने ती उचलली, १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रातली जमीन संपादनाखाली आली. ज्यांच्या आज्याने खोताचा खंड भरला, ज्यांच्या बापाने ३२ ग चे हप्ते भरले, त्यांचे हप्ते फिटतात न फिटतात तोच तलाठी संपादनाची नोटीस घेऊन दारात उभा राहिला. तेरा वर्षांच्या अंतराने एकाच घरात आलेले हे दोन सरकारी कागद मी अनेकदा एकाच पिशवीतून बाहेर काढले आहेत. आधीच्या कागदाने जमीन दिली आणि नंतरच्याने ती घेतली.

संपादनाचा कायदा तेव्हा १८९४ चा, इंग्रजांनी केलेला होता. त्याची दोन कलमे इथे थोडी सविस्तर सांगायला हवीत, कारण पुढची सगळी लढाई तिथूनच निघते. कलम २३ सांगत असे की जमिनीची किंमत धरायची ती कलम ४ च्या, म्हणजे संपादनाचा इरादा जाहीर करणाऱ्या अधिसूचनेच्या दिवशीची. अधिसूचना १९७० ची, निवाडा मात्र कित्येक गावांत दहा-पंधरा वर्षांनी झाला आणि तोवर शेजारी वाशी उभी राहिली, ठाणे खाडीवर पूल झाला, तरी हिशोब १९७० च्याच भावाने. कलम २४ तर त्याच्याही पुढचे होते. संपादन ज्या कामासाठी होत आहे त्या कामामुळे जमिनीची जी किंमत वाढेल, ती न्यायालयाने विचारात घ्यायचीच नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. भातखाचराच्या जागी शहर उभे राहणार, त्या शहराच्या नफ्यातला छदामही शेतकऱ्याला देण्याचा अधिकार कोणत्याही न्यायाधीशाला नव्हता, मग तो न्यायाधीश कितीही कनवाळू असो.

न्यायालयाची वाट पूर्ण बंद होती असे नव्हे. ठरलेली रक्कम हरकत राखून स्वीकारली आणि मुदतीत कलम १८ खाली अर्ज केला, तर वाढीव मोबदल्याचा दावा जिल्हा न्यायालयात जात असे. हरकत न राखता रक्कम उचलली की दावा संपला. एका अंगठ्याच्या ठशावर पिढीचे नुकसान व्हावे, अशी ती तरतूद होती. उरणकडच्या एका गावातील एक आजी माझ्याकडे येतात. त्यांच्या पिशवीत रक्कम घेतल्याची पिवळी पडलेली पावती आहे. पावतीवर नवऱ्याचा अंगठा आहे आणि अंगठ्याच्या वर, वेगळ्या शाईत, घाईघाईने लिहिलेली ओळ आहे, 'हरकत राखून स्वीकारले'. ही ओळ कुणी लिहिली, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "आमचे म्हातार्‍यानी दिबांचे मानसाला इचारल्याबिगर आंगठा नाय दिला." त्या एका ओळीमुळे पुढे दावा चालला आणि वाढीव रक्कम मिळाली. गावोगाव अशी ओळ लिहून देणारी, मुदत सांगणारी, नोटीस वाचून दाखवणारी शिकलेली पोरे तयार होणे, हे मला कोणत्याही मोठ्या सभेइतकेच मोठे राजकीय काम वाटते. ती सभेच्या फोटोत दिसत नाहीत, पण निवाड्यांत दिसतात.

वाढीव मोबदला मिळाला तरी तो पैसाच होता आणि जमिनीच्या मानाने पैसा फार लवकर संपतो. घर दुरुस्त झाले, लग्न झाले, एखादी रिक्षा आली की शेतकऱ्याच्या हातात काही उरत नसे आणि शहर तर वाढतच असे. कलम २४ च्या भिंतीपलीकडे जे होते, म्हणजे वाढणाऱ्या शहरातला हिस्सा, तो मागायचा तर न्यायालयात मागता येणार नव्हता. कायदा न जाणणारा पुढारी वर्षानुवर्षे कोर्टाकडे डोळे लावून बसला असता किंवा कोर्टाला नुसत्या शिव्या देत राहिला असता. ज्याने तालुक्याच्या कोर्टात दिवस काढले होते, त्याला कोर्ट कुठवर जाते आणि कुठे थांबते, हे नेमके ठाऊक होते. दिबा रस्त्यावर उतरले ते कायद्याला कंटाळून नव्हे, तर कायद्याची हद्द माहीत होती म्हणून, असा माझा समज आहे आणि ही कलमे रोज हाताळताना तो पक्का होत गेला आहे.

जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात जमिनीचा ताबा घेण्यासाठी मोठा पोलीस बंदोबस्त आला. गावे रस्त्यावर आली. बायका पुढे, हातात काही नाही, आणि मागे पुरुष, असे त्या दिवसाचे वर्णन त्या भागातल्या अनेक घरांत ऐकायला मिळते. १६ जानेवारीला जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि १७ जानेवारीला नवघर फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला. चिर्ले, धुतूम आणि पागोटे या गावांचे मिळून पाच शेतकरी मारले गेले. जमिनीसाठी गेलेले हे पाच जीव. त्यांचा हुतात्मादिन आजही दर वर्षी पाळला जातो. त्या दिवशी जासईच्या आसपास फिरले की लक्षात येते, की इथल्या लोकांच्या लेखी ही इतिहासात जमा झालेली गोष्ट नाही. ज्यांनी भाऊ गमावला ती माणसे अजून हयात आहेत, आणि ज्या खाचरासाठी तो गेला तिथून आता कंटेनर जातात.

त्या वर्षाचा शेवट महाराष्ट्राच्या राजकारणात कायम लक्षात राहावा असा झाला. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली आणि काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या. उरलेल्या पाचांत कुलाब्याची जागा होती आणि ती शेकापच्या दिबांची होती. देशभर सहानुभूतीची लाट असताना खाडीकाठच्या माणसांनी आपल्या वकिलाला मत दिले. त्याच वर्षी संसदेने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली, सक्तीच्या संपादनाबद्दल किमतीवर मिळणारी जादा रक्कम, म्हणजे सोलेशियम, १५ वरून ३० टक्क्यांवर गेली आणि कलम २८ अ आले. एका शेतकऱ्याला कोर्टाने वाढ दिली तर त्याच अधिसूचनेतल्या, कोर्टात न गेलेल्या शेजाऱ्यालाही ती मागता येऊ लागली. ही दुरुस्ती देशभरातल्या अनुभवातून आलेली होती, पण नवी मुंबईच्या गावांना तिचा उपयोग झाला, हे मी दाव्यांच्या कागदांवरून सांगू शकतो.

नव्या शहरातला हिस्सा मिळाला तो त्यानंतर. १९९० मध्ये राज्य सरकारने साडेबारा टक्के योजना मान्य केली आणि १९९४ मध्ये तिचे नियम सुधारले. संपादित झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढी विकसित जमीन मूळ खातेदाराला परत द्यायची आणि तीही आधी संपादन झालेल्यांना धरून. एका एकराचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून रस्ते, शाळा, मैदाने अशा सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के वजा होतात, म्हणजे प्रत्यक्ष हाती येतात पावणेनऊ टक्के, साडेतीन गुंठे, साधारण ३५४ चौरस मीटर. त्यावर दीड चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम. आकडा ऐकायला लहान वाटतो. पण नेरूळ, खारघर किंवा उलव्यात रस्त्याला लागून असलेला ३५४ मीटरचा भूखंड काय असतो, हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. १९७० च्या भावाने एकदाच मिळालेली रक्कम एकीकडे आणि शहर जसजसे वाढेल तसतसा वाढत जाणारा तुकडा दुसरीकडे. जी गोष्ट कलम २४ ने न्यायाधीशाच्या हातून काढून घेतली होती, ती शासननिर्णयातून शेतकऱ्याच्या दारात आली.

या योजनेचे पुढे जे झाले त्याने मन दुखते आणि ते इथे लिहिणे मी कर्तव्य मानतो. भूखंड देणार असल्याचे सिडकोचे इरादापत्र हातात पडण्याआधीच कितीतरी घरांनी हक्क विकून टाकले, कारण घरात आजारपण होते आणि मध्यस्थाच्या हातात रोख होती. भूखंड बिल्डरच्या नावावर गेला आणि त्यावरच्या इमारतीत मूळ मालकाचा नातू वॉचमन म्हणून रुजू झाला, हे मी पाहिले आहे. बहिणींचे तर आणखी वाईट. भावाने 'नुसती सही हवी' म्हणून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या आणि भूखंडाचे मोल कळले तेव्हा माहेरचे दारच बंद झाले, अशी प्रकरणे माझ्या कपाटात रांगेने आहेत. ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्या मिठागरातल्या मजुराचा आणि खाडीत जाळे टाकणाऱ्याचा तोटा तर टक्केवारीत मावतच नाही. गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न अजून भिजत पडला आहे. तरीही ही योजना फसली, असे मी म्हणणार नाही. जिथे कुटुंब एकत्र राहिले, कागद नीट ठेवले आणि भूखंड स्वतः विकसित केला, तिथे तिसरी पिढी डॉक्टर, इंजिनिअर, व्यावसायिक झाली आहे, आणि ती मुले आपल्याच गावात, आपल्याच नावाच्या जमिनीवर राहतात. देशात धरणे, कारखाने आणि शहरे यांसाठी उठवलेल्या किती गावांना हे म्हणता येईल?

दिबांनी उतारवयात शेकाप सोडून शिवसेनेत प्रवेश केला. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना त्याचे फार दुःख झाले होते आणि ते मी समजू शकतो, कारण लाल झेंडा हा त्या गावांत नुसता पक्ष नव्हता. मात्र गावांनी त्यांना पक्षाच्या मापाने कधी मोजले नाही. झेंडा बदलला तरी जमिनीचा प्रश्न घेऊन लोक पनवेलला त्यांच्याचकडे जात राहिले. २४ जून २०१३ रोजी ते गेले. त्याच वर्षी संसदेने १८९४ चा कायदा रद्द करून नवा भूसंपादन कायदा केला आणि त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, शहरीकरणासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीपैकी २० टक्के जमीनमालक कुटुंबांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली. विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांना साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज जाहीर झाले, तेही त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी. शेतकऱ्याला शहरात वाटा असतो, ही गोष्ट तोवर सरकारी भाषेत इतकी रुळली होती की वाद राहिला तो फक्त टक्क्यांचा.

विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून जून २०२१ मध्ये आधी मानवी साखळी झाली आणि मग त्यांच्या स्मृतिदिनी सिडको भवनावर मोर्चा आला. त्या दिवशी बेलापूरच्या रस्त्यांवर उतरलेली बहुतेक मुले १९८४ नंतर जन्मलेली होती. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्यांच्या नावाचा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा उलव्याची टेकडी सपाट झालेली होती आणि उलवे नदीचा प्रवाह वळवलेला होता. नावाचा आग्रह मला मनापासून पटतो. जिथे आपली खाचरे होती तिथे आपल्या माणसाचे नाव असावे, ही मागणी मोबदल्याच्या हिशोबात बसत नाही आणि म्हणूनच ती कुणाला विकताही येत नाही.

आता शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतू चिर्ल्याला उतरतो. गोळीबारात ज्या गावांनी माणसे गमावली, त्यांतले हे एक. सेतूच्या भोवती, उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांत आणखी एक नवे शहर उभारण्याची अधिसूचना २०२४ मध्ये निघाली आहे. तिथली तरुण मुले हल्ली माझ्याकडे येतात. त्यांतल्या दोघांनी नुकतीच वकिलीची सनद घेतली आहे. त्यांना मी सांगतो की जमीन संपादनाची घोषणा होण्याआधी गावातल्या प्रत्येक घराचा सातबारा आणि फेरफार काढून घ्या, मेलेल्या माणसांची नावे उतरवून वारसांच्या नोंदी करा आणि त्यात बहिणींची नावे घाला, ३२ म ची प्रमाणपत्रे शोधा, कोऱ्या मुखत्यारपत्रावर कुणालाही सही करू देऊ नका. हरकतींची मुदत कधी संपते ते देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रविवारी त्यांच्या गावच्या समाजमंदिरात सगळ्यांनी कागद घेऊन जमायचे ठरले आहे. मीही जाणार आहे.